एकाच माळाची चित्रे : अंबाझरीच्या काठावरील प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या मागच्या अंगाला, पश्चिमेकडे पसरलेल्या गवताळ माळावर एक जागा निश्चित केली असून तेथूनच हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जलरंगात निसर्गचित्रे करावयाची आहेत. जागा म्हणजे एका पळसाजवळचा मुरमाड उंचवटा. समोर पूर्वेला उतरत जाणारे वाळके गवत, त्यापुढे पाणी, पलीकडे शहराच्या बाजूची झाडांची रेषा, डाव्या हाताला बाभळी आणि काठालगत बेशरमची झुडपे एवढेच दृश्य आहे. लँडस्केपला जाणारे बहुतेक जण दर वेळी नवे ठिकाण शोधतात. आज रामटेक, पुढच्या खेपेला खिंडसी, नंतर पेंचच्या वाटेवरचे एखादे गाव. त्या पद्धतीत डोळ्यांना नवेपणा मिळतो, पण जागेची ओळख होण्याआधीच आपण तेथून निघालेलो असतो.

निसर्गाशी सूर जुळतो असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय घडते हे मला हाताने काम करून तपासायचे आहे. माझी धारणा अशी आहे की हा सूर वेळ पाळल्याने जुळतो : उन्हाची वेळ, कागदावरचे पाणी वाळण्याची वेळ, पानगळीची आणि फुलोऱ्याची वेळ. चित्रकाराने स्वतःची घाई बाजूला ठेवून या वेळा मान्य केल्या, तर समोरची जमीन हळूहळू दिसू लागते.

साहित्य थोडेच ठेवले आहे. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन कागद ११ × १५ इंचांत कापून घेतला. रंगांत अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लेमन यलो आणि क्रिमझन. काळा रंग घेतलेला नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून मिळणारा काळोख मला पुरेसा वाटतो, कारण त्यात उष्ण आणि शीत अशा दोन्ही बाजूंना झुकण्याची सोय राहते. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे ढगांचे जे अभ्यास केले, त्यांपैकी अनेकांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली आहे. तीच शिस्त येथे पाळायची आहे. प्रत्येक कागदाच्या पाठीवर वेळ, वारा, आकाशाची स्थिती आणि पहिला वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला रंगाचा पातळ थर, वाळायला लागलेला अवधी लिहिला जाईल.

२५ जानेवारी

सूर्य उगवायला पावणेसात उलटून जातात आणि तो उगवतो तो आपल्या उजव्या हाताला, आग्नेयेकडे. गवतावर दव होते. पाण्यावरून धुके सरकत होते आणि त्यामुळे पलीकडची झाडे एका सपाट राखाडी पट्टीत मिसळून गेली होती. अशा हवेत ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याची पद्धत उत्तम चालते, कारण कागद बराच वेळ ओलसर राहतो आणि रंगाला पसरायला सवड मिळते. कोबाल्ट आणि किंचित क्रिमझन यांचा पातळ वॉश संपूर्ण कागदावर देऊन त्यातच झाडांची पट्टी सोडली. तिच्या कडा धुक्याने जशा विरघळवल्या होत्या तशाच कागदानेही विरघळवल्या.

वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण सोबत आली होती. दूर पाण्याच्या कडेला बसलेले पट्टकदंब तिने दाखवले. हिमालयापलीकडून आलेले हे हंस उन्हाळा जवळ आला की परततात, म्हणून त्यांचे ठिपके फक्त हिवाळ्याच्या कागदांवर येतील. मार्चमधल्या चित्रात ते आठवणीवरून घालायचे नाहीत, असा नियम ठरवला.

१५ फेब्रुवारी

आज रंग उघडण्यापूर्वी बराच वेळ नुसते पाहिले. त्यानंतर पेन्सिलीने एका पट्टीवर पाच छटा काढल्या, कोऱ्या कागदापासून सर्वांत गडद सावलीपर्यंत, आणि समोरची प्रत्येक वस्तू कोणत्या छटेत बसते ते डोळे किलकिले करून ठरवले. वाळके गवत अपेक्षेपेक्षा खूपच उजळ आहे. ते पाण्यापेक्षाही उजळ ठरले. बाभळीची सावली मात्र मी समजत होते तेवढी काळी नाही, तिच्यात आकाशाचा निळा प्रकाश परावर्तित होऊन उतरलेला असतो. हिरवा रंग म्हणावा असा समोर जवळजवळ कोठेच नाही.

पळसाची पाने गळत आली आहेत. फांद्यांवर गडद, मखमली कळ्यांचे घोस धरले आहेत.

२ मार्च

पळस फुलला. या नोंदीला जागा जास्त लागणार आहे, कारण विदर्भात चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी या झाडासमोर उभे राहावे लागते आणि बहुतेक चित्रांत पळस म्हणजे केशरी रंगाचा एक गोळा होऊन बसतो.

माझ्या जागेवरून सकाळी पळस प्रकाशाच्या विरुद्ध दिसतो. सूर्य झाडामागे असतो, त्यामुळे पाकळ्यांतून प्रकाश आरपार येतो आणि त्यांच्या देठाकडचा पुष्पकोश जवळजवळ काळा दिसतो. केशरी रंगाची तीव्रता या काळ्या जोडीमुळेच जाणवते. केशरी अधिक भडक करून ती साधत नाही. कागदावर लेमन यलो आणि क्रिमझन यांचे स्वच्छ मिश्रण एकदाच ठेवले, त्याला पुन्हा हात लावला नाही, आणि मग पुष्पकोशांसाठी अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएनाचे लहान गडद ठिपके दिले. फुलांच्या आजूबाजूचे आकाश किंचित राखाडीकडे झुकते ठेवले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट छटांच्या पट्टीने दाखवली. झाडाचा वरचा भाग आकाशावर येतो आणि खालचा भाग दूरच्या झाडांच्या रेषेवर. आकाश फुलांपेक्षा उजळ आहे, म्हणून वरची फुले त्यावर गडद आकार म्हणून उमटतात. दूरची झाडे फुलांपेक्षा गडद आहेत, म्हणून त्याच फांदीवरची खालची फुले उजळ आकार म्हणून पुढे येतात. मधल्या एका टप्प्यावर दोन्ही छटा जुळतात आणि तेथे फुलांची कडा नाहीशी होते. ही हरवणारी कडा कागदावर तशीच हरवू दिली, तर झाड आकाश आणि जमीन या दोन्हींत रुजलेले वाटते. तिला जबरदस्तीने बाह्यरेषा दिली की ते कापून चिकटवल्यासारखे दिसू लागते. नऊ वाजल्यानंतर सूर्य वर चढला आणि पाकळ्यांतला प्रकाश विझला. फुले तीच होती, पण चित्राचा विषय संपला होता. पळस पाहण्याची वेळ त्या जागेनेच ठरवून दिली आहे.

मैत्रिणीने गळून पडलेली फुले गोळा केली. धुळवडीसाठी ही फुले पाण्यात उकळून पिवळा-केशरी रंग करतात, तो आम्ही कागदावर लावून पाहिला. रंग लावल्याबरोबर फार सुंदर दिसतो. एक तुकडा खिडकीच्या उन्हात आणि एक वहीत मिटून ठेवला आहे.

९ मार्च

आज माळावर जाणे झाले नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्याविषयी पुन्हा वाचले. १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मलेले रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि त्यानंतर मुंबईला गेले. त्यांचे वडील वनखात्यात होते, त्यामुळे बालपण सातपुड्याच्या जंगलांच्या सान्निध्यात गेले. लहानपणी चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्यावर लक्ष ठेवायला सांगितले, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. तो बिंदू पुढे त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. मुंबईतील सुरुवातीच्या काळात मात्र त्यांनी जलरंगात रस्ते, घरे आणि पावसाळी आकाश रंगवले. एकाच ठिकाणी नजर टिकवण्याचा धडा आणि उघड्यावर बसून काम करण्याची वर्षे यांचा परस्परांशी जवळचा संबंध असावा, असे माझे मत आहे. ज्या शहरात त्यांनी रेखाटनाचे पहिले शिक्षण घेतले, त्या शहरात आज चित्रकलेच्या किती वर्गांतून मुलांना उघड्यावर नेले जाते, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

२३ मार्च

उंचवट्याच्या कडेचा मुरूम घरी आणून त्याचा रंग तयार केला. कारण असे की पॅलेटमधील यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडांतून येतो आणि पायाखालच्या मुरमाचा तांबूस रंगही त्याच द्रव्यातून येतो. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला हा काळा खडक आणि पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन नाइससारखे खडक लागतात. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टचीच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या या लाव्ह्यातले लोह हवापाण्याने गंजत गेले आणि माती तांबूस झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही गेरू, पिवळी माती आणि बेसाल्टमध्ये सापडणारी हिरवी माती वापरलेली आहे, म्हणजे या खडकातून चित्र काढण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे.

कृती पुढीलप्रमाणे झाली. मुरूम खलात कुटून मलमलीच्या कापडातून गाळला. ती पूड पाण्यात ढवळून क्षणभर थांबल्यावर जाड रेती तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले आणि ते रात्रभर निवळू दिले. सकाळी तळाशी राहिलेला मऊ गाळ ताटलीत वाळवला. डिंकाचा एक भाग कोमट पाण्याच्या दोन भागांत विरघळवून, त्यात थोडा मध आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब घालून, त्या द्रावणात गाळ जाड काचेवर पुष्कळ वेळ घोटला. घोटताना आधी करकर ऐकू येते आणि ती थांबली की रंग तयार झाला असे समजावे.

कागदावर हा रंग बर्न्ट सिएनापेक्षा फिकट, किंचित गुलाबी आणि दाणेदार उतरतो. दाणे कागदाच्या खळग्यांत बसतात आणि त्यामुळे सपाट वॉशही जमिनीच्या पोतासारखा दिसतो. माळाचा पुढचा भाग रंगवण्यासाठी यापुढे हाच रंग वापरायचा आहे. मला या कामात जे समाधान मिळाले ते शब्दांत नेमके सांगणे कठीण आहे. ज्या जमिनीकडे पाहत होते, तिचाच कण ब्रशवर होता.

१३ एप्रिल

सकाळी आठनंतर वॉश लावता लावता वाळतो. पॅलेटवरचा रंगही आटतो. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या पातळ शीटवर चिकटवला, म्हणजे खालून ओलावा टिकतो आणि निदान आकाशापुरता वेळ मिळतो. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घातल्यानेही फरक पडला. बाकी सर्व कोरड्या ब्रशने केले. वाळक्या गवताला कोरडा ब्रश शोभतोही.

पळसाच्या फुलांच्या रंगाचा खिडकीतला तुकडा बराच फिका पडला आहे, वहीतला टिकून आहे. मुरमाच्या रंगाचा नमुना मात्र त्याच खिडकीत जसाच्या तसा आहे.

११ मे

सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. साडेसातपर्यंत काम संपवणे आवश्यक आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा शहरात दुपारी उघड्यावर बसून चित्र काढण्याचा आग्रह धरणे म्हणजे जागेचे म्हणणे न ऐकणे होय.

या महिन्यातली मुख्य नोंद क्षितिजाची आहे. पुस्तकांतून शिकलेला नियम असा की दूरच्या वस्तू निळसर होत जातात. हवेचे सूक्ष्म रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे स्वच्छ हवेत तो नियम खरा आहे. परंतु मे महिन्यातील नागपूरच्या हवेत धूळ भरलेली असते, आणि धुळीचे कण मोठे असल्यामुळे ते सर्वच रंगांचा प्रकाश सारखा विखुरतात. म्हणून येथे दूरची झाडे निळी न होता पांढुरकी, मातकट होतात आणि आकाशाची खालची कडा पिवळसर दिसते. कोबाल्टची वडी आज मुळीच वापरावी लागली नाही. यलो ऑकरचा अत्यंत पातळ थर, त्यावर किंचित क्रिमझन आणि अल्ट्रामरीन यांचे राखाडी मिश्रण एवढ्यावर सगळे अंतर उभे राहिले. इंग्लंडच्या ओलसर हवेत तयार झालेले नियम आपल्या मातीवर तपासून घेतलेच पाहिजेत.

पाणी बरेच मागे सरले आहे. उघड्या पडलेल्या काठावर गाळाचे पट्टे दिसतात, प्रत्येक पट्टा वेगळ्या राखाडीत. घरी परतताना रस्त्याकडेचा बहावा पूर्ण फुलला होता.

२६ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. माळावर गेले नाही, घराच्या गच्चीवर काम केले. नागपूर सुमारे २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. आज दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास गच्चीवर उभ्या केलेल्या दांडीची सावली तिच्या पायथ्यात नाहीशी झाली. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की या घटकेला उभ्या भिंतींना स्वतःचा आकार सांगणारी सावलीच उरत नाही. फक्त गच्चीच्या कठड्याखाली आणि कुंड्यांच्या पानांखाली गडद छटा राहतात. एक लहानसा कागद केला, त्यात जवळजवळ दोनच छटा आहेत. जानेवारीतल्या लांब सावल्यांच्या कागदाशेजारी तो ठेवला तेव्हा दोन्ही एकाच शहरातले आहेत यावर विश्वास बसेना.

१५ जून

आज पाऊस आला. सकाळी सहाला पोहोचले तेव्हा आकाश जड होते. जाळे आवरत असलेले एक काका काठावरून वर येताना थांबले आणि म्हणाले, "ताई, आता आटपून घ्या जी. वारा फिरून राह्यला."

"काका, तुम्हाला कसे कळले?"

"पाण्याकडे पाहा न. तिकडून काळं पडत येऊन राह्यलं."

खरोखरच पलीकडच्या काठाकडून पाण्याचा एक गडद पट्टा पुढे सरकत होता. शांत पाणी क्षितिजाजवळचे उजळ आकाश परावर्तित करते. वाऱ्याने लहरी उठल्या की त्यांच्या उताराच्या बाजू वरचे, अधिक गडद आकाश दाखवू लागतात, आणि म्हणून वारा अंगाला लागण्याआधी पाण्यावर दिसतो. इतके महिने याच पाण्याकडे पाहत असूनही ही खूण मला त्यांच्याकडून मिळाली. ज्यांचा दिवस पाण्यावर अवलंबून आहे, त्यांची नजर छटांच्या बाबतीत कोणत्याही चित्रकारापेक्षा तरबेज असते. तो पट्टा एका ओघात कागदावर ओढला आणि त्यानंतर लगेच सरी आल्या.

झाडाखाली थांबून मातीचा बदल पाहिला. माळाच्या उतारावर जेथे काळी माती आहे तेथे ती कोरडी असताना चक्क राखाडी, किंचित जांभळट दिसत होती. पहिल्या सरीनंतर ती खरी काळी झाली. मातीच्या कणांमधल्या हवेची जागा पाणी घेते, तेव्हा प्रकाश कमी विखुरतो आणि अधिक शोषला जातो, म्हणून ओली माती गडद दिसते. जलरंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका दिसतो, त्याचे कारणही बरेचसे हेच आहे. प्रत्येक चित्रकाराला ही सवय करून घ्यावी लागते की लावताना रंग हवा त्यापेक्षा एक छटा गडद लावावा. जमीन आणि कागद या दोघांवर पाणी एकाच नियमाने काम करते, हे आज डोळ्यांसमोर पाहता आले. संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत मोलाची वाटलेली नोंद हीच आहे.

६ जुलै

कागद वाळतच नाही. एप्रिलमध्ये जो वॉश लावता लावता सुकत होता, त्याला आज अर्ध्या तासानंतरही बोटाचा ठसा उमटत होता. म्हणून एका वेळी दोन कागद घेऊन, एक वाळत असताना दुसऱ्यावर काम करण्याची पद्धत सुरू केली.

हिरव्या रंगाची आता गर्दी झाली आहे आणि त्यातच खरी परीक्षा आहे. नवे गवत पिवळ्याकडे झुकते, बाभळीचा हिरवा राखाडी असतो, बेशरमचा थंड आणि जड, पळसाच्या नव्या पानांचा तकतकीत. तयार हिरव्या रंगाची ट्यूब या सर्वांना एकाच पातळीवर आणते. लेमन यलो आणि कोबाल्ट, यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन, मुरमाचा रंग आणि कोबाल्ट अशा जोड्या करून प्रत्येक झाडाला त्याचा हिरवा दिला. मुरूम मिसळलेला हिरवा सर्वांत जास्त या माळाचा वाटतो.

पूर्ण झालेले कागद बटर पेपरमध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवले आहेत. पावसाळ्यात कॉटन कागदाला बुरशीचे डाग फार लवकर पडतात.

१७ जुलै

सूर्य आज पुन्हा नागपूरच्या माथ्यावरून गेला, परंतु ढगांमुळे सावली दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सर्व कागद जमिनीवर तारखांच्या क्रमाने मांडले. वर्षातल्या सर्वांत दक्षिणेकडच्या आणि सर्वांत उत्तरेकडच्या सूर्योदयात येथे सुमारे ५० अंशांचे अंतर पडते. त्यामुळे जानेवारीत उजवीकडून येणारा प्रकाश जूनच्या कागदांवर बाभळींच्या बाजूने, डावीकडून येतो. गवताची उजळ बाजू सरकत गेलेली या क्रमात स्पष्ट वाचता येते. मी ती मुद्दाम रंगवलेली नव्हती. दर वेळी समोर होते तेवढेच काढले होते.

सूर्य आता दक्षिणेकडे परतू लागला आहे, त्यामुळे प्रकल्प येथे न थांबवता पुढच्या जानेवारीपर्यंत चालवायचा असे ठरवले. पुढच्या टप्प्यात पॅलेटमधून यलो ऑकरची वडी काढून तिच्या जागी मुरमाचा रंग कायमचा भरायचा आहे, आणि काळ्या मातीचा गाळही त्याच पद्धतीने निवळून घोटून पाहायचा आहे. पाऊस उघडला की काठाच्या खालच्या अंगाची माती आणायची.